विमानावर नेव्हिगेशन अँटेना बसवताना या चुका टाळा

नवा व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनच्या संकेतांवरून दिशा दाखवणारी यंत्रणा) अँटेना बसवल्यानंतर दिशादर्शकाची सुई डळमळू लागली किंवा स्टेशन जवळ असूनही इशाऱ्याचे निशाण दिसू लागले, की पहिला संशय रिसीव्हरवर जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा अँटेनाचे बूड आणि विमानाचा पत्रा यांच्यामध्ये असतो, आणि रिसीव्हर उगाचच दुरुस्तीला जातो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे बुडाखालचा रंग आणि प्रायमर पुरता न काढणे. पत्रा चकचकीत दिसत असला, तरी स्क्रूच्या छिद्राभोवती नखाएवढी पिवळसर प्रायमरची कड राहिली, तर संपर्क कच्चा राहतो. कोरड्या हवेत सारे सुरळीत चालते आणि ढगात किंवा पावसात शिरताच स्थिर विद्युतभारामुळे खरखर सुरू होते. बाँडिंगचा, म्हणजे बूड आणि पत्रा यांच्यातल्या विद्युत जोडणीचा, रोध साधारणतः ३ मिलिओहमच्या आत असावा आणि निर्मात्याने याहून कडक मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. हे मोजमाप साध्या मल्टिमीटरने करू नये, कारण त्याच्या वायरींचाच रोध याच्या कित्येक पट असतो. त्यासाठी बाँडिंग मीटरच हवा. उघड्या केलेल्या ॲल्युमिनियमवर गंजरोधक रासायनिक लेप द्यावा आणि कडेचे सीलंट मोजमाप झाल्यानंतरच लावावे. घाईत हा क्रम उलटतो, आणि मग सीलंट खरवडत बसावे लागते.

व्हीओआरचे संकेत १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झमध्ये आणि आडव्या ध्रुवीकरणाचे (लहरींचे विद्युत कंपन आडव्या दिशेत) असतात. म्हणून संभाषणाचा उभा अँटेना त्या जागी चालत नाही.

केबलच्या टोकाला क्रिम्प करताना (कनेक्टर दाबून बसवताना) बाहेरच्या जाळीची एकच तार मधल्या पिनेला टेकली, तरी संकेत मरतो. मात्र काही अँटेनांच्या बॅलनमुळे (अँटेना आणि केबल यांची जुळणी करणारा भाग) मीटरवर शॉर्ट दिसणे स्वाभाविक असते; त्यामुळे निर्मात्याची पुस्तिका पाहिल्याशिवाय केबल कापू नये.

जीपीएस अँटेना असल्यास संभाषणाच्या अँटेनापासून पुरेसे अंतर ठेवावे. १२१.१५ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करून उपग्रहांचे संकेत तुटतात का, हे अवश्य तपासावे, कारण या वारंवारितेची तेरावी पट जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झला जवळजवळ भिडते.

व्हीओआरची सुई केवळ उड्डाणातच लयीत हलत असेल, तर अँटेना उतरवण्यापूर्वी वैमानिकाला प्रोपेलरचे फेरे थोडे बदलून पाहण्यास सांगावे. विशिष्ट फेऱ्यांवर पात्यांमुळे सुई सहा अंशांपर्यंत हलू शकते आणि फेरे बदलताच ती स्थिर होते.