जुनी स्पूल टेप सापडलीय? आधी प्ले दाबू नका

माळ्यावरून आजोबांच्या मैफिलींची स्पूल, म्हणजे चक्रीवर गुंडाळलेली आवाजाची टेप, निघाली की पहिली खाज येते मशीनवर चढवून ऐकायची. जरा दम धरा, रिवाइंडसुद्धा करू नका, कारण काही टेपा नीट वाजायची संधी एकदाच देतात.

आधी स्पूल हातात धरून मागून टॉर्च मारा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची, साधारण साठच्या दशकापर्यंतची, व्हिनेगरसारखा वास आला तर सडायला लागलीय असं समजा. उजेड अडला तर बहुतेक पॉलिएस्टर. हे बघणं का महत्त्वाचं, तर "जुनी टेप भाजली (म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास तापवली) की बरी होते" हे लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि सरसकट सगळ्याच टेपा भाजत सुटतात. अ‍ॅसिटेट भाजली की संपली!

भाजायची कुठली? अ‍ॅम्पेक्स कंपनीच्या 456 किंवा 406 सारखी, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची. हिच्यात ऑक्साइड, म्हणजे आवाज साठवणारी चुंबकीय पूड, धरून ठेवणारा जो पॉलियुरेथेनचा थर असतो तो हवेतली ओल शोषून चिकट होतो, मग टेप मशीनवर किंचाळते आणि हेडवर, म्हणजे टेप जिथे घासून आवाज वाचला जातो त्या भागावर, तपकिरी चिखल साठतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका. अशी टेप 54 अंश सेल्सिअसला निदान आठ तास भाजायची, मधेमधे उलटून. फळं सुकवायचा डिहायड्रेटर चालतो, थर्मामीटर मात्र वेगळा ठेवा; गॅसचा ओव्हन नको, मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. पूर्ण थंड झाल्यावरच लावा आणि लगेच कॉपी करून घ्या, काही आठवड्यांनी चिकटपणा परत येतो. उष्णतेने आवाज पुसला जाईल ही भीती फुकटची, त्याला शेकडो अंश लागतात.

आता भुतं. गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं लांबून बारीक ऐकू येतं? गुंडाळीतल्या शेजारच्या थराचा चुंबकीय ठसा उमटतो, बाकी काही नाही. म्हणून स्टुडिओवाले टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळायचे, मग तो ठसा मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्यातच लपतो. आणि मागे कोणीतरी उलटं बोलतंय असं वाटलं तर घाबरू नका, घरगुती मशीनवर टेपच्या दोन्ही बाजू भरलेल्या असतात, तुमच्या मशीनचं हेड रुंद असलं की दुसरी बाजू उलटी ऐकू येते.

विमानतळावरच्या एक्स-रेने टेप पुसली जाते हीसुद्धा अफवाच. पण मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नका, त्यात चुंबक असतं.

सगळ्यात मोठा घोळ रेकॉर्ड बटणाचा. कॅसेटला निदान मागची टिकली तोडायची सोय होती, स्पूलला काहीच नाही, आणि टेपच्या वाटेत पुसायचं हेड पहिलं येतं, म्हणजे तुमच्या लक्षात येईपर्यंत दोन ओळी गेलेल्या असतात. स्टुडिओत चुकीचा ट्रॅक रेकॉर्डला लागून चांगला टेक उडायचा तो असाच, आणि तिथे अनडू नव्हतं राव. तेव्हा बटणावर सरळ चिकटपट्टी मारा.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढायचं यंत्र) वापरणार असाल तर मशीन बंद, जवळपास एकही टेप नको, आणि तो हेडपासून हळूहळू हातभर लांब नेल्यावरच बंद करायचा, जवळ असताना बंद केलात तर हेड उलट जास्त चुंबकीय होऊन बसेल.

कॉपी 24 बिट, 96 किलोहर्ट्झ वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा, एमपी3 मागून व्हॉट्सअ‍ॅपसाठी. आणि मूळ टेप फेकू नका.