रायडर खरंच सुधारतोय की नुसतं नशीब? अर्ध्या सीझनला कसं ओळखायचं

आपला रायडर मागे पडला की जीव तुटतो, आणि मग एक पोडियम (पहिल्या तिनात नंबर) आला की आपण लगेच "आला रे परत" म्हणून ग्रुपवर नाचायला लागतो. 2023 ला मोटोजीपीत, म्हणजे बाईक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत, मार्क मार्केझ होंडावर असताना माझं हेच झालं. जर्मनीचं साक्सनरिंग म्हणजे त्याचं हक्काचं सर्किट, तिथे एका वीकेंडला 5 वेळा पडून त्याने रविवारची रेसच सोडली, मग सप्टेंबरमध्ये आपल्या बुद्ध सर्किटला स्प्रिंटमध्ये (शनिवारची छोटी रेस) तिसरा, लगेच पुढच्या राउंडला जपानच्या मोटेगीत पावसात परत तिसरा. मला वाटलं जमलं आता! पण सीझन संपल्यावर तो होंडा सोडून ग्रेसिनी टीमच्या डुकाटीवर गेला.

तेव्हापासून मी वही ठेवतो.

पहिलं काम, पावसाच्या रेस बाजूला काढा. ओल्या ट्रॅकवर इंजिनची ताकद पूर्ण वापरताच येत नाही, बाईकचे दोष झाकले जातात, म्हणून तो निकाल वेगळ्या पानावर लिहा.

मग नंबर नाही, गॅप बघा. सातवा आला म्हणून खूश होण्याआधी पुढचे किती जण पडले ते मोजा. विनरपासूनचा गॅप भागिले विनरचा एकूण वेळ, याची टक्केवारी काढा. क्वालिफायिंगला (स्टार्टची जागा ठरवणारे लॅप) तर हे करायलाच हवं, कारण साक्सनरिंगचा लॅप साधारण 80 सेकंदांचा आणि इटलीतल्या मुजेल्लोचा 105 च्या आसपास, म्हणजे तोच अर्धा सेकंद एकीकडे 0.6 टक्क्यांच्या वर जातो आणि दुसरीकडे 0.5 च्या आत राहतो. नुसता आकडा बघून "तेवढाच मागे आहे" म्हणालात तर फसलात.

आता खरी मजा. मोटोजीपीच्या साइटवर प्रत्येक रेसची लॅपनुसार वेळांची पीडीएफ मिळते, ती उघडा आणि शेवटचे 8 लॅप त्याच्या आजूबाजूच्या रायडरशी ताडून बघा. नवीन टायरवर एक लॅप बरेच जण मारतात, पण जो आधी 15 व्या लॅपनंतर दर लॅपला 3-4 दशांश सेकंद गमवायचा आणि आता एकच गमावतो, त्याचं मागचं टायर टिकतंय, हात बसलाय, आणि मला तरी पोडियमपेक्षा हीच खूण जास्त पटते.

त्याच कंपनीच्या बाकी बाईक पण बघा. 2024 पासून मागे पडलेल्या कंपन्यांना जास्त टेस्टिंग आणि सीझनमध्ये इंजिन बदलायची सवलत मिळाली, त्यामुळे सगळेच पुढे सरकले असतील तर क्रेडिट बाईकला, एकटाच सरकला असेल तर त्याला.

उलटंही होतं हं. 2022 ला जर्मनीच्या रेसनंतर डुकाटीचा बान्याया यामाहाच्या क्वार्तारारोच्या 91 पॉइंट मागे होता, लोकांनी नाव सोडलं होतं, पण हेरेथ आणि मुजेल्लो त्याने जिंकलेलं होतं, म्हणजे स्पीड होताच, फक्त रेस पूर्ण होत नव्हत्या. पुढे आसेन, सिल्व्हरस्टोन, ऑस्ट्रिया, मिसानो सलग चार जिंकल्या आणि टायटलही नेलं. म्हणून शून्य पॉइंट दिसला तर पडण्याआधीचे लॅप वाचा, आणि तीन कोरड्या रेस वहीत आल्याशिवाय ग्रुपवर काहीच टाकू नका.