फोटोतल्या मुलीपर्यंत पैसे पोचतात का? परदेशी मदतसंस्थांना देणगी देताना या चुका टाळा

नगर जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या ऑफिसात मी दीड वर्ष पत्रांची भाषांतरं करत होते. परदेशातला एक दाता, इथलं एक मूल, महिन्याला ठरलेली रक्कम आणि वर्षातून दोन पत्रं असा मामला. पत्रं शाळेच्या ओट्यावर लिहिली जायची. कार्यकर्ता फळ्यावर मजकूर लिहायचा आणि मुलं तो उतरवून घ्यायची. 'प्रिय मित्र, मी मजेत आहे. आमच्याकडे पाऊस पडला. तुमच्याकडे पडला का?' चाळीस पत्रांत चाळीस वेळा तोच पाऊस. एकदा चौथीतल्या एका पोराने खाली स्वतःची ओळ घातली, 'बाबा ऊसतोडीला गेले ते आले नाहीत.' साहेब म्हणाले, ही ओळ नको, त्यांना उगाच घोर लागतो. मी गाळली.

आता मी लंडनजवळ राहते. दर महिन्याला माझ्याही खात्यातून एका संस्थेला पैसे जातात, आणि मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी विचारतंच, 'तू त्या लाइनीत होतीस ना? कुठली संस्था चांगली?' नाव मी सांगत नाही. चुका मात्र सांगते, त्यातल्या बऱ्याच माझ्याच आहेत.

पैसे त्याच मुलाला मिळतात असं समजणं

'मूल दत्तक घ्या' छापाच्या बहुतेक योजनांत तुमचे पैसे गावाच्या एकत्रित कामात जातात: शाळेची दुरुस्ती, विहीर, आरोग्य शिबिर. फोटोतल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं दप्तर येईल, कदाचित तेही नाही. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जाहिरातीत नसतं. काम वाईट असतं असं नाही, पण दाता समजतो एक आणि होतं दुसरं.

अमेरिकेतल्या 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राच्या पत्रकारांनी स्वतः अशी मुलं दत्तक घेऊन, पुढे त्यांच्या गावी जाऊन पाहिलं आणि १९९८मध्ये ते छापलं. आफ्रिकेतल्या माली देशातली एक मुलगी वीज पडून वारली होती, आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' तिच्या नावाने पैसे घेतच होती. कोणी ते खिशात घातले होते असं नाही. मूल जिवंत आहे की नाही हे बघायची पद्धतच धड नव्हती. फळ्यावरचा पाऊस आठवला की मला यात नवल वाटत नाही.

म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा: माझे पैसे या कुटुंबाच्या हातात पडतात की गावाच्या कामात जातात? दोन्हींपैकी कुठलंही उत्तर चालेल. उत्तराऐवजी मुलीचा आणखी एक फोटो आला, तर समजून जा.

'अनाथ' शब्द ऐकून विरघळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑक्टोबर २००७मध्ये आफ्रिकेतल्या चाड देशात अबेशे इथे 'झोएज आर्क' नावाच्या फ्रेंच संस्थेची माणसं १०३ मुलं विमानाने फ्रान्सला न्यायच्या बेतात पकडली गेली. शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची युद्धग्रस्त अनाथ मुलं, असं सांगितलं होतं. जखमी दिसावीत म्हणून मुलांना खोट्या पट्ट्यासुद्धा बांधल्या होत्या. चौकशीत निघालं की बहुतेक मुलं चाडमधलीच, घरी आईबाप किंवा नातेवाईक असलेली. शिक्षणाची सोय होईल म्हणून घरच्यांनी पाठवलेली. फ्रान्समधली जी कुटुंबं मुलांची वाट बघत विमानतळावर थांबली होती, त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

इतक्या लांब कशाला? आपली मंडळी काठमांडू, पोखरा, चितवन अशी सहल करतात ना, नेपाळमधले जवळजवळ ९० टक्के अनाथाश्रम नेमके त्याच पट्ट्यात होते: काठमांडू खोऱ्यातले तीन जिल्हे, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन. देशात तेव्हा जिल्हे ७५ होते. अनाथ मुलं काय पर्यटकांच्या वाटेवरच जन्मतात? दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून दलाल 'शिकवतो' म्हणून मुलं आणत, आईबापांकडूनच पैसे घेत, आणि इथे पाहुण्यांसमोर त्यांना नाचायला लावत. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात आश्रमांची संख्या ७५ टक्के वाढली, आणि त्यांतल्या चारांपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते.

तेव्हा टूर गाइड 'तासभर अनाथाश्रमात जाऊ या, मुलांना खाऊ वाटू' म्हणाला तर बसमधून उतरू नका. पैसे द्यायचेच असतील तर मुलांना घरी परत पाठवणाऱ्या, त्यांच्या आईबापांना हातभार लावणाऱ्या संस्थेला द्या. तिथे फोटो काढायला काही मिळणार नाही, हे आधीच सांगते.

'शंभरातले नव्वद थेट गरिबांना' यावर भाळणं

ही टक्केवारी सगळे विचारतात, मीही विचारायचे. २०१०च्या भूकंपानंतर हैतीसाठी अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास ५० कोटी डॉलर जमले. प्रत्येक डॉलरमधले ९१ सेंट हैतीच्या लोकांपर्यंत गेले, असा संस्थेचा दावा होता. २०१५मध्ये 'प्रोपब्लिका' आणि 'एनपीआर' या अमेरिकेतल्या वृत्तसंस्थांनी शोध घेतला. निघालं असं की रेड क्रॉस बराच पैसा दुसऱ्या संस्थांना देत होती, त्या संस्था आपला व्यवस्थापन खर्च कापत होत्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायचा म्हणून रेड क्रॉसही आपला कापत होती. एकाच रुपयाला दोनदा कात्री, कागदावर मात्र एकदाच. १ लाख ३० हजारांवर लोकांना घरं दिली म्हणत होते, तिथे पक्की घरं बांधलेली सापडली सहा. बाकीच्या आकड्यात तात्पुरतं भाडं मिळालेले आणि बांधकामाचं प्रशिक्षण घेतलेले लोकही धरले होते.

म्हणून टक्का विचारू नका, साखळी विचारा. पैसा किती हातांतून जातो, शेवटच्या हाताचं नाव काय, आणि 'लाभार्थी' म्हणजे नक्की कोण? कमी व्यवस्थापन खर्च म्हणजे प्रामाणिकपणा असंही नाही. हिशेब तपासायला माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो.

वस्तू मोजण्याचंही तसंच, फार लांबवत नाही. दक्षिण आफ्रिकेत निघालेला 'प्लेपंप' म्हणजे मुलांनी गोल फिरणारा पाळणा फिरवायचा आणि त्यावर पाणी उपसलं जायचं. २००६मध्ये त्यासाठी अमेरिकेत १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले. पुढे 'गार्डियन'ने गणित मांडलं की ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. किती पंप बसवले हा आकडा अहवालात मोठ्या अक्षरात असतो. दोन वर्षांनी त्यातले किती चालू आहेत, हे विचारा.

तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानणं

२०११मध्ये ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांनी केलेलं लैंगिक गैरवर्तन संस्थेला कळलं होतं. काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं, आणि बाहेर मोघम दोन वाक्यं सांगितली. 'द टाइम्स'ने फेब्रुवारी २०१८मध्ये ते छापलं, म्हणजे मधली सात वर्षं देणगीदारांच्या दृष्टीने सगळं 'ठीक' होतं. धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने २०१९च्या अहवालात संस्थेला अधिकृत ताकीद दिली.

याच्या उलट 'गिव्हडायरेक्टली'. ही संस्था गरीब कुटुंबांच्या मोबाइलवर थेट रोख पाठवते. २०२२मध्ये काँगोच्या दक्षिण किवू प्रांतात त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी सिमकार्डांची हेराफेरी करून सुमारे ९ लाख डॉलर लांबवले. पुढच्या वर्षी हे सगळं संस्थेने स्वतःच जाहीर केलं. युद्धामुळे कुठला नियम शिथिल केला आणि त्याच फटीतून चोरी कशी झाली, तेही सांगितलं. बातमी वाचून आमच्या एका मैत्रिणीने लगेच त्यांची देणगी बंद केली आणि दुसऱ्या संस्थेला सुरू केली, कारण 'तिथे असलं काही ऐकलेलं नाही'. मी तिला म्हटलं, अगं, ऐकू येत नाही म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आधीच पैसे जात असतील तर

देणगी तडकाफडकी थांबवू नका, आधी बघा. ब्रिटनमध्ये चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचं नाव टाकलं की विश्वस्त कोण, जमाखर्च काय, हिशेब वेळेवर भरले का, हे फुकट दिसतं. अमेरिकेत 'फॉर्म ९९०', म्हणजे संस्था दरवर्षी कर खात्याला देते ते विवरणपत्र, मागा. त्याच्या 'शेड्युल एफ'मध्ये परदेशातला खर्च असतो, पण देशवार नाही, फक्त खंड किंवा प्रदेशानुसार. चर्च म्हणून नोंदलेल्या संस्थांना तो फॉर्म भरावाच लागत नाही, त्यांच्याकडून लेखापरीक्षित हिशेब वेगळा मागवा. ऑस्ट्रेलियात असाल तर एसीएनसीची, म्हणजे तिथल्या धर्मादाय संस्थांच्या नियामकाची, नोंदवही बघा. वार्षिक अहवालात 'काय फसलं' असं एखादं पान सापडलं तर ते आधी वाचा.

मग ईमेल करा. मी गेल्या मार्चमध्ये माझ्या संस्थेला विचारलं होतं: त्या गावातल्या बाईला तुमच्या कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर तिने कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि पलीकडून तो तिच्या भाषेत उचलतात का? पहिल्या उत्तरात वार्षिक अहवालाची लिंक आली आणि एका हसऱ्या मुलीचा फोटो. पुन्हा विचारलं. तीन आठवड्यांनी एका बाईंचं चार ओळींचं उत्तर आलं: नंबर आहे, पण तो राजधानीतल्या ऑफिसचा आहे, आणि तिथे फक्त इंग्रजी बोलतात, स्थानिक भाषेची सोय डिसेंबरपर्यंत करायचं ठरलंय. देणगी चालू ठेवलीय. डिसेंबरचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.