पावसाळ्यात ओलावा न सोसणारे रिएजंट कसे वापरावेत, कसे साठवावेत

जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे-महाप्यासारख्या भागात सेंद्रिय संश्लेषण करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: मे महिन्यात नीट चालणारी रिअ‍ॅक्शन आता सुरूच होत नाही. अशा वेळी ब्युटिललिथियम, ग्रिग्नार्ड किंवा सोडियम हायड्राइड यांसारखे, पाणी लागताच बिघडणारे रिएजंट (रिअ‍ॅक्शनमध्ये वापरायची रसायने) पुरवणाऱ्याला दोष देण्याआधी पाणी कुठून शिरते आहे ते शोधा.

सुरुवात सॉल्व्हंटपासून करा. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटमध्ये वजनाने ०.०५ टक्के पाणी असेल, तर १०० मिलिलिटरमध्ये ते सुमारे ४४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास २.५ मिलिमोल भरते. ५ मिलिमोलच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तेवढे पाणी निम्मे ब्युटिललिथियम फस्त करते. म्हणून ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलेक्युलर सिव्ह्ज (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) ३०० अंशांवर काही तास तापवा, कोरड्या वातावरणात थंड करा आणि टीएचएफमध्ये वजन-आकारमानाने २० टक्के घालून दोन-तीन दिवस ठेवा. ११० अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये सिव्ह्ज पुरेशा सक्रिय होत नाहीत. शक्य असेल तर कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजा. आणि डायक्लोरोमिथेन वाळवायला सोडियम कधीही वापरू नका, स्फोट होऊ शकतो.

काचसामान १२० अंशांवर रात्रभर ठेवा, गरम असतानाच जोडा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या.

फ्रिजमधली बाटली हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. खोलीत २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २४ अंशांवर असतो. म्हणजे हाताला जेमतेम गार लागणाऱ्या, २० अंशांच्या बाटलीवरही हवेतले पाणी जमते. झाकण उघडले की तेच पाणी आतल्या पावडरीवर. त्यामुळे घन रिएजंटची फिरकीच्या झाकणाची बाटली बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या हवाबंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. घाई असली तरी हा वेळ वाचवू नका.

सेप्टमच्या (सुईने टोचता येणाऱ्या रबरी बुचाच्या) बाटलीतून द्रव काढताना सेप्टम आधी पुसून कोरडा करा. बबलर (जादा वायू द्रवातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणारे उपकरण) जोडलेल्या नायट्रोजनच्या लाइनची सुई बाटलीत घाला. सिरिंज नायट्रोजनने तीनदा भरून रिकामी करा, मग द्रव हळू ओढा आणि सुई बाहेर काढण्याआधी थोडा नायट्रोजन आत घ्या. सिरिंज निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच भरा. जास्त द्रव लागत असेल तर कॅन्युला (दोन भांडी जोडणारी लांब पोकळ सुई) वापरा. हा नियम फार महत्त्वाचा आहे. २००८ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात टर्शरी ब्युटिललिथियम काढताना सिरिंजचा दांडा निसटला, द्रव हवेत पेटला आणि अ‍ॅप्रन न घातलेल्या तरुण संशोधिकेचा पुढे भाजल्यामुळे मृत्यू झाला. म्हणून सुती किंवा अग्निरोधक अ‍ॅप्रन, चष्मा आणि फ्यूम हूडशिवाय हे काम करू नका. पहिल्यांदा करताना अनुभवी माणूस शेजारी हवा.

साठवणीसाठी लहान बाटल्याच घ्या, किंमत थोडी जास्त पडली तरी. मोठी बाटली वारंवार टोचली की सेप्टमला भोके पडतात आणि ती ओलाव्याची वाट होतात. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. जुन्या ब्युटिललिथियमची ताकद लेबलवरून गृहीत धरू नका. मेंथॉल आणि १,१०-फिनॅन्थ्रोलिन घेऊन टायट्रेट करा. थायोनिल क्लोराइड आणि आम्ल क्लोराइडे अमाइनांपासून दूर, हवेशीर कपाटात ठेवा. ओलाव्याने त्यांतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, बाटलीत दाब वाढतो आणि लोखंडी रॅक गंजतात. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली की ती १२० अंशांवर पुन्हा निळी होईपर्यंत वाळवा.

उरलेले ब्युटिललिथियम सिंकमध्ये कधीच टाकू नका. नायट्रोजनखाली कोरड्या हेप्टेनमध्ये पातळ करा, बर्फात थंड ठेवून आधी आयसोप्रोपॅनॉल थेंबथेंब घाला, मग मिथेनॉल आणि शेवटी पाणी. जवळ कोरड्या वाळूची बादली हवी. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड किंवा सोडियम हायड्राइड पेटले तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक दोन्ही वापरायचे नाहीत.