एरेशन टाकीतल्या जिवांकडे कसं बघायचं: कोकणातल्या एसटीपी ऑपरेटरांसाठी

बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्या चाचणीचा, रिपोर्ट हातात पडेपर्यंत बरेच दिवस जातात. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवायची पद्धत आहे, आणि त्याआधी तो लॅबपर्यंत पोचवायचा असतो. तोवर एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लँटमधून गेलेलं पाणी खाडीला मिळालेलं असतं, नाहीतर माडांच्या आळ्यांत मुरून शेजारच्या विहिरीकडे निघालेलं असतं. एरेशन टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेतात, तिथला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितलात तर आजची स्थिती आजच कळते. गुहागरपासून तारकर्लीपर्यंतच्या हॉटेलांचे आणि सोसायट्यांचे छोटे प्लँट मी केमिस्ट म्हणून बघते. ही तपासणी ऑपरेटरनेच शिकावी असा माझा आग्रह असतो, कारण टाकीजवळ रोज तोच असतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. १० आणि ४० च्या भिंगांनी १०० पट आणि ४०० पट दिसलं की झालं. काचपट्ट्या, कव्हरस्लिप, ड्रॉपर, हातमोजे आणि साबण जवळ ठेवा. हे सांडपाणी आहे, त्यामुळे त्या टेबलावर चहाचा कप नको.

नमुना ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) चालू असताना, टाकीच्या मधून घ्या. बाटली अर्धीच भरा, म्हणजे वर हवा राहते, आणि उन्हात ठेवू नका. तासाभरात बघा. भरलेली बंद बाटली गाडीतून फिरवली तर आतला प्राणवायू संपतो, जीव मरगळतात आणि चांगल्या प्लँटलाही तुम्ही आजारी ठरवता. बाटली हलक्या हाताने हलवून एक थेंब काचपट्टीवर टाका आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडा. मग कंडेन्सर (काचपट्टीखालचं, उजेड एकवटणारं भिंग) थोडा खाली घ्या किंवा त्याची झडप बारीक करा. भगभगीत उजेडात हे पारदर्शक जीव दिसतच नाहीत. नवीन माणूस नेमका इथेच कंटाळून उठतो.

आधी जीव शोधू नका, फ्लॉक बघा. जिवाणूंचे पुंजके तपकिरी, घट्ट, गोलसर आणि मधलं पाणी स्वच्छ असेल तर गाळ, म्हणजे या पुंजक्यांचाच साठा, नीट बसणार. पुंजके विस्कटलेले आणि मधलं पाणी गढूळ असेल तर क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीवरून, पाणी गढूळच जाणार.

मग हालचाल बघा. नुसते बारीक चाबूकवाले जीव आणि अमिबा दिसत असतील तर प्लँट नवा आहे किंवा त्याच्यावर भार फार आहे. भार उतरत गेला की मोकळे पोहणारे केसाळ जीव येतात, आणि गाळ चांगला तयार झाला की दोन जातींची गर्दी होते. एक फ्लॉकवर सरपटणारा अ‍ॅस्पिडिस्का. दुसरा देठावर उभा राहणारा, घंटेच्या आकाराचा व्हॉर्टिसेला. त्याचा देठ स्प्रिंगसारखा आखडतो. हे दोघे सुटे जिवाणू खातात, म्हणून पाणी नितळ होतं. व्हॉर्टिसेलाला मी सगळ्यात जास्त मान देते. प्राणवायू कमी पडला किंवा विषारी काही आलं, की तो देठ सोडून पोहत निघून जातो आणि मागे नुसते देठ उरतात. तारकर्लीच्या एका ऑपरेटरने मला सकाळीच फोन केला होता, “मॅडम, घंटेवाले खंय गेले?” आदल्या रात्री लाँड्रीतलं ब्लीच थेट गटारात ओतलं गेलं होतं. रिपोर्टची वाट न बघता येणारं पाणी अडवलं, आणि गाळ वाचला.

रोटिफर (तोंडाशी चाकासारखे केस फिरवणारे बारीक जीव), सूत्रकृमी आणि कधीतरी आठ पायांचा टार्डिग्रेड दिसणं म्हणजे गाळ जुना. थोडे असणं चांगलं, पण त्यांचंच राज्य झालं असेल तर गाळ काढा.

लांब धाग्यांसारखे जिवाणू थोडे हवेतच, फ्लॉकचा सांगाडा त्यांच्यावर उभा असतो. मात्र एका फ्लॉकमधून दुसऱ्यात पूल बांधल्यासारखे दिसायला लागले तर गाळ फुगतो. त्याची खातरजमा एक लिटरच्या मापात ३० मिनिटं गाळ बसवून करा. ३०० मिली गाळ बसला आणि एमएलएसएस (लिटरमागे कोरडा गाळ किती मिलिग्रॅम) २५०० असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) १२०. तो १५० च्या वर गेला की सावध व्हा.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट, जी बाहेरच्या पुस्तकांत क्वचितच असते. समुद्राला लागून असलेल्या प्लँटमध्ये उधाणाच्या भरतीला खारं पाणी फुटक्या चेंबरमधून आत शिरतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरचा दिवस-दोन दिवस केसाळ जीव एकदम कमी दिसले तर आधी हाच संशय घ्या. गोड्या पाण्यातल्या जिवाला अचानक आलेलं मीठ सोसत नाही. दुसरा त्रास लपून होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. कलेक्शन टाकीत सांडपाणी उकाड्यात साचून राहिलं की तिथले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. हे सल्फाइड एरेशन टाकीत आलं की थायोथ्रिक्ससारखे धागे माजतात. ४०० पटीत त्यांच्या आत गंधकाचे चमकते कण दिसतात. ते दिसल्यावर ब्लोअर कितीही वाढवलात तरी मूळ तसंच राहतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर घ्या, येणाऱ्या पाण्याचं माप भरतीला आणि ओहोटीला लिहा. फरक मोठा असेल तर गळती भरतीच्या रेषेखालच्या चेंबरमध्ये शोधा, आणि कलेक्शन टाकीतलं पाणी साचू देऊ नका.

टाकीवर जाड, चिकट, तपकिरी फेस साचला तर फांद्या फुटलेले आखूड धागे बघा. ते नोकार्डियाच्या गोत्रातले असतात आणि तेलावर वाढतात. सुरमई-बांगडा तळणाऱ्या स्वयंपाकघराचं ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारं चेंबर) रोज साफ होतंय का, हे स्वतः झाकण उघडून बघा.

अमोनिया खाणारे जिवाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळे ओळखू येत नाहीत, त्यांच्यासाठी पीएच बघावा लागतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खर्च होते, आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळातच मऊ. पीएच ६.५ च्या खाली घसरला की थोडा थोडा खाण्याचा सोडा किंवा चुना द्या.

नवीन प्लँटला शेण आणि गूळ घालतात, जिवाणूंच्या पुड्याही विकत आणतात. माझा सल्ला, जवळच्या चांगल्या चालणाऱ्या प्लँटमधून टाकीभर गाळ आणा. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली तेव्हा मर्म हेच होतं, तयार झालेला गाळ फेकायचा नाही, पुन्हा वापरायचा.

दर वेळी तीन थेंब बघा, मोबाइल आयपीसला लावून फोटो काढा आणि वहीत तारीख, पाहुण्यांची संख्या, पाऊस आणि दिसलेले जीव लिहा. दुसऱ्या प्लँटशी तुलना नको, तुमच्याच टाकीच्या मागच्या आठवड्याशी करा. मेमध्ये खोल्या भरलेल्या असतात, जूनमध्ये रिकाम्या, आणि गाळ मात्र तेवढाच. खायला कमी मिळालं की तो म्हातारा होतो, रोटिफर वाढतात, बारीक कण पाण्याबरोबर जातात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जादा गाळ काढून घ्या. पाऊस लागल्यावर टँकर अरुंद घाटीने खाली उतरत नाही, आणि गाळ सुकवायच्या वाफ्यांत पाणीच पाणी असतं.