ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीसाठी रॅम घेताना

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये रॅम घ्यायला जाण्याआधी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरची क्यूव्हीएल यादी (त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची यादी) उघडा आणि किटचा, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या संचाचा, पूर्ण पार्ट नंबर त्यात आहे का ते बघा. नाव तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. इंटेलचा एच६१० बोर्ड असेल तर महागडी रॅम घेऊच नका, त्यावर मेमरी ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता, येत नाही.

नुसत्या वेगावर भुलू नका. सीएल (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणाऱ्या क्लॉक सायकलचा आकडा) गुणिले २०००, भागिले वेग; येतो तो उशीर, नॅनोसेकंदात, जितका कमी तितका चांगला. ६००० वेगाच्या डीडीआर५ सीएल३० ला १० येतात, सीएल३६ ला १२. एएमडीच्या रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसरसाठी ६००० सीएल३०, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, हाच आमचा सल्ला. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. चार पट्ट्या लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग बहुधा खाली आणावा लागतो. आज एक किट, पुढे दुसरं, असं तर मुळीच नको.

पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, खटका बसेपर्यंत दाबा. बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी तयार सेटिंग) चालू करा. पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून बंद करू नका.

मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार पास (पूर्ण फेऱ्या). एकही एरर चालत नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून ही तपासणी रात्री एसीत नको, भर दुपारी करा. पट्टी ५५ अंशांपलीकडे तापली की घट्ट टायमिंग (सीएलसारखे कमी ठेवलेले आकडे) डगमगू शकतात. रॅमवर वारा येईल असा पंखा लावा, नाहीतर वेग ५६०० वर आणा.