पॅलेटवरचे खालचे खोके दबणे कसे थांबले : माझा अनुभव

आमच्या कारखान्यातून पंपाचे प्लास्टिकचे इम्पेलर (पंपातली फिरती पाती असलेली चाके) पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातात. पावसाळ्यात गोदामातल्या पॅलेटवरचे, म्हणजे माल रचायच्या सपाट फळ्यावरचे, तळाचे खोके कोपऱ्यांत दबू लागले, तेव्हा पाच प्लायऐवजी (प्लाय म्हणजे पुठ्ठ्यातला कागदाचा एक पदर) सात प्लायचा पुठ्ठा घ्यावा, अशी सूचना आली. मला ती पटेना, कारण खोक्यावरचा भार मुख्यतः चार उभे कोपरेच पेलतात आणि आमचे नेमके तेच कोपरे आधाराविना होते.

खोका होता ४२० × २६० मिमी आणि पॅलेट १२०० × १००० मिमी. संगणकावर पूर्ण थराचे मॉडेल केल्यावर लांबीच्या दिशेने तीन खोके १२६० मिमी भरले, म्हणजे दोन्ही बाजूंनी ३० मिमी बाहेर. शिवाय विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून रचल्यामुळे वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर टेकत होता.

मी तळ ४०० × २५० मिमी केला आणि उंची २२० वरून २४० मिमी, त्यामुळे आतले आकारमान जवळजवळ तेवढेच राहिले. खोका किती भार पेलेल याचा अंदाज देणाऱ्या मॅकी यांच्या १९६३ च्या सूत्रानुसार ताकद परिघाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने ती जेमतेम दोन टक्के घटते आणि ही घट कोपऱ्यावर कोपरा रचल्याने कितीतरी पटींनी भरून निघते. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या उभ्याच राहतील, हे ड्रॉइंगवर बाण काढून स्पष्ट केले. दमट हवेत कागद बराच दुबळा होतो, म्हणून पॅलेटवरच्या खोक्यांच्या थरांची संख्या कोरड्या खोक्याच्या ताकद-चाचणीच्या आकड्यावर न ठरवता त्याच्या निम्म्यावर ठरवली.

पुढच्या पावसाळ्यात पाच प्लायचेच खोके सरळ उभे राहिले.